खाली थांबणाऱ्याचं तिकीट

हरिपूरची श्रावणी सोमवारची जत्रा असो की मिरजेचा उरूस, पाळणेवाल्याचा हिशोब सरळ असतो. जो बसेल त्याचे पैसे. पोराला घोड्यावर बसवून आई खाली पिशवी धरून उभी राहते, प्रत्येक फेरीला हात हलवते, घोडा लांब गेला की मान उंच करून बघते. तिच्याकडे कोणी पैसे मागत नाही. मागितले तर सगळी जत्रा त्या पाळणेवाल्याला हसेल.

हीच आई तीन-चारशे किलोमीटर जाऊन मोठ्या थीम पार्कच्या फाटकात उभी राहिली की तिला पूर्ण तिकीट पडतं. बसणार नसली तरी. कडेवर तीन वर्षांचं लेकरू असेल, त्याला फारशा राइड्समध्ये घेणार नसतील, तरी त्या लेकराचंही तिकीट पडतं.

लहान मुलं असलेल्या कुटुंबांना पार्कवाल्यांनी सवलत द्यावी, असं आपण म्हणतो तेव्हा दयेची मागणी केल्यासारखं वाटतं. माझी मागणी वेगळी आहे. या कुटुंबांकडून आज जास्तीचे पैसे घेतले जातात, न वापरलेल्या गोष्टींचे घेतले जातात, आणि ते थांबलं पाहिजे.

गेल्या मे महिन्यात आम्ही सांगलीच्या विश्रामबागेतून पहाटे तीनला निघालो. आम्ही दोघं, सासूबाई, आठ वर्षांचा थोरला आणि तीन वर्षांची धाकटी. पार्कचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या एकाबद्दल नाही. पद्धत बहुतेक ठिकाणी हीच आहे. फाटकाशी भिंतीवर रंगीत पट्टी होती, जिराफाचं चित्र काढलेली. मुलांना तिला टेकवून उभं करायचं आणि रेघ बघून तिकीट ठरवायचं. आमच्या पुढच्या बाईंनी आपल्या मुलीचा वर बांधलेला अंबाडा सोडून केस मोकळे केले आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. पोरीने गुडघे वाकवले. तिथला माणूस प्रेमळ होता, तो म्हणाला, "बाळा, सरळ उभी राहा बघू." पोरगी आईकडे बघायला लागली. आईची मान खाली. पाच-सहा वर्षांच्या मुलीची त्या दिवसाची पहिली आठवण ही झाली, आणि मला तिच्या आईचा अजिबात राग आला नाही.

आमची धाकटी ९५ सेंटीमीटर भरली. म्हणजे मुलांचं तिकीट. थोरल्याचंही मुलांचं. सासूबाईंना ज्येष्ठ म्हणून थोडी सूट, आम्हा दोघांचं पूर्ण. पाच तिकिटं. आत गेल्यावर काय झालं ते सांगते. मोठ्या झोक्याच्या, उंचावरून खाली येणाऱ्या राइड्सना प्रत्येक दाराशी पुन्हा उंचीची पाटी. इथे १२० सेंटीमीटर हवी, तिथे १४०. थोरला काहींत बसला, सोबत त्याचे बाबा बसले. मी दिवसभरात तीन राइड्समध्ये बसले, तिन्ही धाकटीसाठी: फिरता घोडा, झुकझुक गाडी आणि पुन्हा तोच घोडा. सासूबाई एका बाकावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसल्या. त्यांनी फक्त एक बाहुल्यांचा कार्यक्रम बघितला आणि तो त्यांना आवडला, हेही सांगितलं पाहिजे. पाच तिकिटांपैकी खऱ्या अर्थाने दोन वापरली गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत सगळे झोपले होते आणि मी मोबाइलवर हा हिशोब करत होते. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त एक गोष्ट खुपत होती. फाटकावरची पट्टी म्हणाली, ही मुलगी तिकीट घेण्याइतकी मोठी आहे. आतल्या पाट्या म्हणाल्या, ही मुलगी बसण्याइतकी मोठी नाही. एकाच मुलीबद्दल, एकाच दिवशी, एकाच मालकाच्या दोन पाट्या.

उंचीवरून तिकीट ठरवण्यामागे कारण आहे, ते मी नाकारत नाही. राइडवर सुरक्षा उंचीवर अवलंबून असते. छातीवर येणारा दांडा कमी उंचीच्या मुलाला नीट धरत नाही, म्हणून आत उंची मोजलीच पाहिजे, आणि कर्मचाऱ्याने कोणाच्याही विनवणीला बळी पडू नये. पण सुरक्षेची फूटपट्टी किमतीलाही लावायची, हे सोयीचं असलं तरी न्यायाचं नाही. अनेक मोठ्या पार्कांत मोफत प्रवेशाची रेघ ८५ सेंटीमीटरच्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलीची मधली उंची साधारण ८६ सेंटीमीटर आहे, मुलाची ८७. तीन वर्षांना ती ९५-९६ होते, पाचव्या वर्षी ११० च्या जवळ. म्हणजे "लहान मुलांना मोफत" या पाटीचा अर्थ प्रत्यक्षात "जेमतेम चालायला लागलेल्यांना मोफत" एवढाच आहे. आपली मुलं त्या तक्त्यापेक्षा थोडी बुटकी धरली तरी फार तर काही महिन्यांचा फरक पडेल. दुसऱ्या टोकाला, मुलांच्या तिकिटाची वरची रेघ साडेचार फुटांच्या आसपास, म्हणजे १३७ सेंटीमीटर. त्याच तक्त्यात दहा वर्षांच्या मुलामुलींची मधली उंची १३८ च्या आसपास आहे. चौथी-पाचवीतलं पोर, जे अजून रात्री आईजवळ झोपतं, ते फाटकात मोठं माणूस ठरतं.

आपल्या एसटीत पाच वर्षांपर्यंत मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. हा नियम जत तालुक्यातल्या शेवटच्या वस्तीवरच्या आजीलाही पाठ असतो. त्यासाठी तिला कुठलं अॅप उघडावं लागत नाही. कंडक्टर पोराला विचारतो, "कितवीला आहेस रे?" आणि पोर खरं सांगून टाकतं. थोडीफार लबाडी चालते, पण तिच्यापायी एसटीने हा नियम बंद केलेला नाही. रेल्वेत तर आणखी शिकण्यासारखं आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र जागा नको असेल तर तिकीट नाही. पाच ते बारा वयाच्या मुलासाठी २०१६ पासून असा नियम आहे की स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, नाही घेतला तर अर्धं. मला तो नियम तेव्हा आवडला नव्हता, कारण आमचा खर्च वाढला. पण त्यामागचं तत्त्व बघा. जागा वापरली का, हा प्रश्न रेल्वे विचारते. उद्यानाच्या फाटकावर तो प्रश्नच कोणी विचारत नाही. पुरातत्त्व खात्याच्या तिकीट लावलेल्या स्मारकांत पंधरा वर्षांपर्यंतची मुलं मोफत जातात. वयाचा पुरावा मागायचाच असेल तर पाच वर्षांखालच्या मुलांचं निळं बाल आधार आहे, जन्माचा दाखला आहे, शाळेचं ओळखपत्र आहे. मोबाइलमध्ये फोटो दाखवला की झालं.

आता सवलतींकडे येते, कारण पार्कवाले म्हणतील, आम्ही तर वर्षभर सवलती देतो. देतात. कॉलेजच्या मुलांना ओळखपत्रावर देतात, वाढदिवसाला देतात, वीस-पंचवीस जणांच्या गटाला देतात, अमुक बँकेच्या कार्डावर देतात, आठवडा आधी ऑनलाइन काढलं तर देतात, चार तिकिटांवर एक मोफत असंही असतं. यातली कोणती सवलत दोन-तीन वर्षांचं मूल असलेल्या घराला लागू पडते, ते एकेक करून तपासून बघा. आगाऊ ऑनलाइन तिकीट काढायचं तर त्यावर तारीख असते, आणि लहान मुलाच्या तापाला तारीख नसते. दुपारपर्यंत खेळणारं पोर संध्याकाळी फणफणतं, हे प्रत्येक आईबापाला माहीत आहे. तिकीट परत होत नाही, तारीख बदलून मिळेलच असं नाही. त्यामुळे ज्यांच्या घरात लहान मूल आहे ते आगाऊ काढायला कचरतात आणि फाटकावर जाऊन जास्तीची किंमत मोजतात. चार जणांच्या पॅकेजमध्ये कुटुंब म्हणजे दोन मोठे, दोन लहान. आमच्याकडे सहलीला निघताना आजी असते, एखादी आत्या असते, मावशीचा मुलगा असतो. गाडी ठरवली की एक जागा रिकामी ठेवून कोणी जात नाही.

सगळ्यात वाईट हे की सर्वांत जास्त किंमत तोच मोजतो ज्याला तसा पैसा खर्चणं सर्वांत जड जातं. आटपाडीहून किंवा कवठेमहांकाळहून दोन-तीन घरं मिळून जीप करून निघतात, द्राक्षाचे किंवा बेदाण्याचे पैसे हातात आल्यावर, वर्षातून एकदा. त्यांच्या खिशात रोख असते. कूपनचा कोड त्यांना कोणी पाठवलेला नसतो. फाटकावरचा दर हाच त्यांचा दर. शहरातल्या तरुणाने बसल्या जागी चार बोटं फिरवून जे स्वस्तात घेतलं, ते त्यांना महाग पडतं. एसटीचं अर्धं तिकीट हा नियम आहे, तो सगळ्यांना सारखा. सवलत आज असते, उद्या नसते, आणि ज्याला तिची बातमी लागली त्यालाच मिळते. मला सवलतींपेक्षा नियम हवा आहे तो याचसाठी.

किंमत कशी लावावी हा प्रश्न काही नवा नाही. कोपनहेगनचं तिवोली उद्यान १८४३ साली सुरू झालं. सांगलीत विष्णुदास भावे यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तेही हेच साल. त्या उद्यानात आजही आत येण्याचं तिकीट वेगळं आणि झोक्यांचं वेगळं घेता येतं. आजोबांना नुसतं बागेत बसायचं असेल तर बसावं. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडलं तेव्हा तिथेही प्रवेशाचा दर लहानसा होता आणि प्रत्येक खेळाचे पैसे निराळे. पुढे तिकिटांची पुस्तकंच निघाली. १९८२ साली ती बंद करून एका तिकिटात सगळं अशी पद्धत आणली, आणि जगभरच्या बहुतेक मोठ्या पार्कांनी तीच उचलली. या दोन पद्धतींमधला पेच वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली डिस्नेलँडचंच उदाहरण घेऊन मांडला होता. त्याचं सार असं सांगता येईल: येणारे सगळे एकसारखे असतील तर फाटकावरच सगळे पैसे घेणं मालकाला परवडतं, पण कोणी खूप खेळणारा आणि कोणी थोडं खेळणारा असेल, तर फाटकाचा दर कमी ठेवून खेळाचे पैसे वेगळे घेण्यात मालकाचाही फायदा असू शकतो. आपल्याकडे येणारं कुटुंब एकसारख्या माणसांचं कधीच नसतं. सत्तरीची आजी आणि सतराचा नातू एकाच गाडीतून उतरतात.

तरीही जुन्या पद्धतीकडे पूर्ण परत जावं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक राइडला पाकीट उघडायचं म्हटलं तर मुलांशी दिवसभर भांडण. "अजून एकदा" आणि "आता बास" यातच सहल संपते. जत्रेत आपण ते अनुभवलेलं आहे. एकदा पैसे भरले की मग मनसोक्त, यात मोठं सुख आहे, आणि थोरल्याच्या चेहऱ्यावर ते मी पाहिलं. म्हणून मी मधला मार्ग सुचवते. पाच वर्षांपर्यंत वयावर मोफत. पाच ते बारा वयावर मुलांचं तिकीट, आणि ते खरोखरच अर्ध्याच्या जवळ जाणारं. मोठ्यांपेक्षा शे-दोनशे रुपयांनी कमी असलेल्या तिकिटाला "मुलांचं तिकीट" म्हणू नये. आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले: सोबतीचं तिकीट. जो मोठा माणूस लहान मुलाबरोबर किंवा म्हाताऱ्या माणसाबरोबर आत येतो, मोठ्या राइड्समध्ये बसणार नाही, त्याच्यासाठी पूर्ण तिकिटाच्या एक तृतीयांश दर. त्यात बाग, कार्यक्रम, सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि लहान मुलांच्या खेळांत मुलाला मांडीवर घेऊन बसण्याची मुभा. नंतर मन बदललं तर उरलेले पैसे भरून मनगटावरची पट्टी बदलून घ्यावी.

हे जमवणं अवघड नाही. आजच पार्कवाले मनगटावर कागदी पट्टी बांधतात. रांग टाळायची असेल तर जास्त पैसे भरून वेगळ्या रंगाची पट्टी मिळते. ज्याने जास्त दिले त्याला ओळखायला निराळा रंग चालतो, तर ज्याने कमी दिले त्याला ओळखायलाही चालेल. राइडच्या दाराशी माणूस उभा असतोच, तो उंची बघतो तशी पट्टी बघेल.

एक आक्षेप मात्र मी मनापासून विचारात घेतला. वॉटर पार्कवाल्यांचं म्हणणं असतं की पाण्यात न उतरणाऱ्यांना स्वस्तात आत सोडलं तर नुसते बघे येतील, आणि बायका-मुलींना ते नको असतं. हे खरं आहे. पाण्यातून बाहेर येताना काठावर टक लावून उभा असलेला घोळका कोणाला हवा असेल? त्यांची ही काळजी मला पटते. म्हणूनच सोबतीचं तिकीट एकट्याने मागून मिळू नये. सोबत पाच वर्षांखालचं मूल किंवा पासष्टच्या वरचं माणूस असेल तरच, आणि एका मुलामागे एकच. तीन वर्षांच्या पोरीला कडेवर घेतलेली आई बघी नसते. बसायला जागा शोधता शोधता तिचा दिवस जातो.

दुसरा आक्षेप पैशाचा. मोठी जागा, वीज, पाणी शुद्ध करण्याची यंत्रं, जीवरक्षक, रोजची तपासणी, पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत रिकामी फाटकं. हे सगळं मला कळतं. जत्रेतल्या पाळण्याचा दाखला मी सुरुवातीला दिला, पण तिथला नटबोल्ट कोणी तपासला हे मला कधीच समजलेलं नाही, आणि थोरला वर गेला की माझा जीव खाली येत नाही. मोठ्या पार्कात मी निर्धास्त होते. त्या निर्धास्तपणाचे पैसे द्यायला माझी तयारी आहे. पण हा खर्च बहुतेक सगळा ठरलेला असतो. तीन वर्षांची एक मुलगी जास्त आली म्हणून त्यात काय भर पडते? तिने कोणाची जागा अडवली नाही, ती ज्या घोड्यावर बसली त्याच्या शेजारचे दोन घोडे रिकामेच फिरत होते. आणि नुकसान भरून काढायचंच असेल तर बसणाऱ्या मोठ्यांच्या तिकिटात पन्नास रुपये वाढवा. मी ते खुशीने देईन, कारण पाच वर्षांनी माझी मुलंही बसणाऱ्यांत असतील आणि तेव्हा दुसऱ्या कोणाची तरी धाकटी कडेवर असेल. लहान मूल ही कुठल्याही घरातली थोड्या वर्षांची अवस्था आहे. त्या वर्षांत आईबापांचा खर्च सर्वांत जास्त असतो, कमाई अजून चढायची असते, आणि बहुतेकदा दोघांपैकी एकीने नोकरी सोडलेली असते. तो भार पुढच्या वर्षांवर थोडा सरकवला तर कोणाचंच बिघडत नाही.

मालकांचाही यात स्वार्थ आहे, तो त्यांना दिसत कसा नाही याचं मला आश्चर्य वाटतं. सहल ठरते तेव्हा घरातलं सर्वांत लहान मूल निर्णय घेतं. "एवढं लांब जायचं, तिला तर काहीच करता येणार नाही, आणि तिचेही पैसे भरायचे? थांबू अजून दोन वर्षं." असं आमच्या गल्लीत तीन घरांत मी ऐकलं आहे. त्या एका मुलांच्या तिकिटापायी मागची चार मोठी तिकिटं, जेवणाचे पैसे, फोटोचे पैसे सगळं घरीच राहतं.

काही जण मला म्हणतील, कशाला जाता? आमराईत फिरा, सागरेश्वरला हरणं दाखवा, कृष्णेच्या घाटावर बसा. आम्ही जातो. धाकटीला गणपतीच्या देवळात जितका आनंद होतो तितका तिला त्या पार्कात झाला नसेल, हेही मी कबूल करते. पण "हे तुमच्यासाठी नाही" असं मध्यमवर्गाला आणि शेतकऱ्याच्या घराला सांगून प्रश्न सुटत नाही. राज्याची पर्यटन धोरणं अशा उद्यानांना पर्यटन प्रकल्प मानतात, त्यांना सवलती देऊ करतात. जिथे सार्वजनिक सवलत आहे तिथे जनतेने दराबद्दल दोन प्रश्न विचारले तर ते आगाऊपणाचं नाही. गुंतवणूकदाराला सवलत देताना एवढी एकच अट घाला: पाच वर्षांखालचं मूल वयावर मोफत, आणि ते फाटकावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं.

सरकारच्या वाट्याची आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे जीएसटी. २०१७ साली हा कर आला तेव्हा थीम पार्क आणि वॉटर पार्कच्या तिकिटावर तो २८ टक्के होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला. तिकीट हजाराचं असेल तर वर १८० रुपये, आणि ते तिकीट चार वर्षांच्या मुलाचं असलं तरी तेवढेच. याउलट सर्कस आणि नाटकाचं पाचशे रुपयांपर्यंतचं तिकीट करमुक्त आहे. प्राणिसंग्रहालय, राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य यांच्या प्रवेशावरही कर नाही. सर्कशीला दिलेली ही सूट मला आमच्या जिल्ह्याची म्हणून विशेष जवळची वाटते. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली भारतीय सर्कस उभी केली, म्हैसाळच्या देवलांची सर्कस गाजली. तंबूत खुर्चीचा दर वेगळा आणि मागच्या बाकड्यांचा वेगळा असायचा, म्हणून गावातला प्रत्येक माणूस सर्कस बघून आला. ज्या विचाराने सर्कशीचं पाचशेपर्यंतचं तिकीट करातून सोडलं, त्याच विचाराने पार्कातलं बारा वर्षांखालच्या मुलाचं पाचशेपर्यंतचं तिकीट सोडावं. याचा दुहेरी उपयोग होईल: मालकाला मुलांचा दर पाचशेच्या आत ठेवण्याचं कारण मिळेल.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात. सिनेमागृहात बाहेरचं खाणं नेऊ द्यायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क मालकाचा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटलं. पण त्याच वेळी पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत हवं आणि तान्ह्या मुलांसाठी आईबापांनी आणलेलं खाणं अडवू नये, हेही सांगितलं. तो निकाल सिनेमागृहांपुरता आहे. तरी पार्कात अख्खा दिवस काढायचा असतो, सिनेमा तर तीन तासांत संपतो. आमच्या पिशवीतला मऊ भाताचा डबा आणि केळी फाटकावर दहा मिनिटं अडवून ठेवली होती. शेवटी सोडली, पण त्यासाठी मला हात जोडावे लागले. सासूबाईंसमोर हात जोडावे लागले, हे मी विसरलेले नाही.

आमच्या घराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत. दर वाढदिवसाला मुलांना उभं करून आम्ही उंची मांडतो. थोरल्याची रेघ १२६ वर आहे. मे महिन्यापासून तो अधूनमधून स्वतःच तिथे जाऊन उभा राहतो आणि विचारतो, १४० ला अजून किती. धाकटी त्याच्या शेजारी टाचा उंचावून उभी राहते. तिला अजून त्या फाटकावरची भानगड कळलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जायचं असा हट्ट दोघांनी धरला आहे. त्या पार्कच्या कार्यालयाला मी मराठीत दोन पानी पत्र लिहिलं आहे. त्यात एवढंच विचारलं आहे की दिवाळीच्या सुट्टीत, निदान सोमवार ते गुरुवार, सोबतीची पट्टी करून बघाल का? सासूबाईंनी पत्र वाचून घेतलं आणि म्हणाल्या, त्यात आणखी एक ओळ घाल, बाकांवर सावली करा म्हणावं. ती ओळ घातली आणि पत्र टपालात टाकलं.